लेखक, संपादक आणि प्रकाशक यांच्याशी बोलताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

साहित्यिकांच्या मुलाखती, त्यांच्याशी होणाऱ्या गप्पा आणि त्यांतून उलगडणारे वाङ्मयीन जीवन या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावचे साहित्य संमेलन जानेवारीत आहे. तिसऱ्या सत्रात पुण्याहून येणाऱ्या एका कादंबरीकारांची प्रकट मुलाखत घेण्याचे काम साहित्य संघाने माझ्यावर सोपवले आहे. मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे आणि याआधी कधी कुणाची मुलाखत घेतलेली नाही. वेळ पाऊण तासाचा आहे आणि समोर सगळा गाव बसलेला असेल. तयारी कशी करावी? (बेळगाव तालुका)

उत्तर : कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी या गावांनी जी संमेलनांची परंपरा उभी केली आहे, तिचे मोल सीमाभागाबाहेरच्या लोकांना अजून नीट कळलेले नाही, असे मला वाटते. शासकीय आधार नसताना, वर्गणी काढून, सकाळी ग्रंथदिंडी आणि दुपारी सगळ्यांना जेवण देऊन एक गाव दिवसभर साहित्य ऐकत बसते, ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच त्या दिवसातला पाऊण तास आपल्या हाती आला आहे, तर तो वाया जाऊ नये एवढी तळमळ आपल्याला असली पाहिजे, आणि आपल्या पत्रावरून ती आहे असे दिसते.

पहिले काम म्हणजे वाचन. पाहुण्यांची निदान दोन पुस्तके पूर्ण वाचावीत, एक सुरुवातीचे आणि एक अलीकडचे. दोन्हींमध्ये मध्यंतरी काय बदलले, हे आपले आपल्याला दिसले की निम्मे प्रश्न तयार झाले असे समजावे. पुस्तके विकत घेणे शक्य नसेल तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. १८४८ साली स्थापन झालेली ही संस्था अशाच कामासाठी आहे. लेखकाविषयी छापून आलेले परिचय आणि जुन्या मुलाखतीही वाचाव्यात, मात्र त्या वाचण्याचा हेतू एवढाच की जे आधी विचारून झाले आहे ते पुन्हा विचारावे लागू नये.

‘लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ आणि ‘नवोदितांना काय संदेश द्याल?’ हे दोन प्रश्न कृपया बाजूला ठेवावेत. ते वाईट आहेत असे नाही. पण त्यांची उत्तरे लेखकाने इतक्या व्यासपीठांवर दिलेली असतात की त्याला त्यासाठी विचार करावा लागत नाही, आणि विचार न करता दिलेले उत्तर ऐकताना श्रोत्यांनाही ते जाणवते. त्याऐवजी पुस्तकातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवावे. समजा, कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात नायकाची आई घर सोडून जाते आणि पुढची शंभर पाने तिचा उल्लेखही येत नाही. ‘तिला इतका वेळ बाहेर ठेवायचे हे आधी ठरले होते, की लिहिता लिहिता तसे झाले?’ असे विचारले तर लेखकाला आपल्या लेखनाकडे पुन्हा वळून पाहावे लागते. आपण पुस्तक खरोखर वाचले आहे हेही त्याच्या लक्षात येते आणि त्या क्षणापासून त्याचे बोलणे बदलते.

कामाच्या पद्धतीविषयी अवश्य विचारावे. पहिला खर्डा हाताने लिहिता का, किती वेळा पुन्हा लिहिता, कोणता भाग काढून टाकावा लागला, तो काढताना दुःख झाले का, हस्तलिखित सर्वांत आधी कोण वाचते, संपादकाने कोणती दुरुस्ती सुचवली आणि कोणती तुम्ही नाकारली. अशा प्रश्नांतून काय हाती लागते याचे आपल्याच भागातले उदाहरण सांगतो. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी शिवराम कारंत, एस. एल. भैरप्पा अशा कन्नड लेखकांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून ते ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत उतरवत, ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितल्यामुळेच आपल्याला माहीत आहे. अनुवाद आधी कानातून गेला आणि मग हातात आला, हे कळल्यावर त्यांच्या मराठी वाक्यांकडे आपण वेगळ्या लक्षाने पाहू लागतो. ‘अनुवादाविषयी आपले विचार सांगा’ एवढ्यावर कुणी थांबले असते तर ही माहिती बाहेर आलीच असती असे नाही.

गावच्या संमेलनातली मुलाखत शहरातल्या सभागृहातल्या मुलाखतीहून एका बाबतीत वेगळी असते. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी ते पुस्तक वाचलेले नसते. शेतीची कामे आटोपून आलेल्या बाया, निवृत्त सैनिक, शाळेची मुले या सर्वांना संभाषणात सामील करून घ्यायचे असेल, तर प्रश्नाआधी पुस्तकातला अर्ध्या पानाचा उतारा आपण स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग प्रश्न विचारावा. शिक्षक असल्यामुळे मोठ्याने वाचण्याची सवय आपल्याला आहे. ती येथे फार उपयोगी पडेल.

वेळेबद्दल थोडे व्यवहाराचे. उद्घाटनाचे सत्र लांबले की त्याची भरपाई पुढच्या सत्रांतून होते, म्हणून पाऊण तास मिळेल असे गृहीत धरू नये. सात-आठ प्रश्न तयार ठेवावेत, त्यांतल्या कोणत्याही परिस्थितीत विचारायच्याच अशा तीन प्रश्नांवर खूण करावी. लेखकाचा परिचय सूत्रसंचालकाने करून दिला असेल तर आपण तो पुन्हा करू नये. श्रोत्यांचे प्रश्न जेवणाच्या सुटीतच चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत; त्यात शाळकरी मुलांच्या चिठ्ठ्या आवर्जून घ्याव्यात. आणि उत्तर संपल्यासारखे वाटले तरी लगेच पुढच्या प्रश्नाकडे धावू नये. दोन क्षण थांबल्यावर लेखक पुष्कळदा जे बोलतो, तेच ऐकण्यासारखे असते.

प्रश्न : लेखकाला प्रश्न आधी पाठवावेत का? मुलाखत छापण्यापूर्वी त्याला दाखवावी का? (खानापूर)

उत्तर : विषय आधी कळवावेत, प्रश्न शब्दशः पाठवू नयेत, पाठवले तर उत्तरे लिहून आणली जातात आणि संभाषण राहत नाही. छापण्यापूर्वी मात्र मजकूर अवश्य दाखवावा. बोललेली वाक्ये कागदावर उतरताना त्यांचा अर्थ सरकतो आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार बोलणाऱ्याला असलाच पाहिजे. दिलेले मत कुणी नंतर मागे घेतले, तर तेवढा भाग वगळावा.

प्रश्न : बेळगावात येणाऱ्या प्रत्येक मराठी साहित्यिकाला सीमाप्रश्नावर विचारले जाते आणि प्रत्येक जण आपल्या पाठीशी असल्याचे सांगून परत जातो. मी महाविद्यालयात शिकते. मला हे ऐकताना समाधान वाटत नाही, पण न विचारणेही बरोबर वाटत नाही. काय करावे? (बेळगाव)

उत्तर : आपली अस्वस्थता मला योग्य वाटते. या शहरात साहित्य आणि सीमाप्रश्न यांचा संबंध वरवरचा नाही. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. माडखोलकर कादंबरीकार होते आणि नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादकही होते. (बेळगावचा ‘तरुण भारत’ वेगळा; तो बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केला. नाव एकच असल्याने तरुण वाचकांचा यात घोटाळा होतो.) १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेल्यानंतर येथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने या प्रश्नाचा उल्लेख करावा, ही लोकांची अपेक्षा स्वाभाविक होती आणि आजही आहे. २००० साली येथे झालेल्या संमेलनाचे अध्यक्ष य. दि. फडके हे तर इतिहासकार होते आणि या विषयावर त्यांचा अभ्यास होता. अशा व्यक्तीला सीमाप्रश्नावर विचारायचे नाही तर कुणाला विचारायचे?

परंतु ज्याने या विषयावर काही वाचले वा लिहिलेले नाही, त्याच्याकडून पाठिंब्याचे एक वाक्य मिळवून आपल्या हाती फारसे काही पडत नाही. अशा पाहुण्याला त्याच्या कामाच्या कक्षेतले प्रश्न विचारावेत आणि ते नेमके असावेत. प्रकाशक असेल तर त्याची नवी पुस्तके बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत पोचतात का, पोचत नसतील तर अडचण वितरकाची आहे की मागणीची, हे विचारावे. मासिकाचा संपादक असेल तर सीमाभागातून गेल्या वर्षी किती लेखन आले, त्यातले किती छापले आणि न छापलेल्यांना त्याने कारण कळवले का, हे विचारावे. कथाकार असेल तर कानडी शब्द सहज मिसळलेली आपली बोली संपादन करताना पुसून टाकली जाते का, याबद्दल त्याचे मत घ्यावे. हे प्रश्नही सीमाप्रश्नाचेच आहेत, आणि त्यांना सहानुभूतीचे एक वाक्य पुरत नाही. उत्तर देणाऱ्याला काही हिशेब द्यावा लागतो.

याच्या जोडीला एक सूचना आहे, ती आपल्या वयाच्या विद्यार्थ्यांनीच मनावर घ्यावी. कन्नड लेखकांशीही बोलावे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी कन्नडमध्ये लिहून १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले. मराठीसाठी आग्रही असणे आणि शेजारच्या भाषेतल्या कवीला त्याच्या कवितेविषयी विचारणे यांत मला कोणताही विरोध दिसत नाही. धारवाड आणि बेळगाव या शहरांत दोन्ही भाषा वाचणारी पिढी आता कमी होत चालली आहे. आपल्याला कन्नड येत असेल तर ते आपले बळ आहे.

प्रश्न : आम्ही काही शिक्षक मिळून साहित्यविषयक मुलाखतींचा एक संग्रह करू इच्छितो. पुण्या-मुंबईचे नामवंत लेखक आम्हाला वेळ देतील असे वाटत नाही. स्थानिक लोकांच्या मुलाखती कोण वाचेल? (निपाणी)

उत्तर : आपण निपाणीत राहून हा प्रश्न विचारावा, याचे मला वाईट वाटले. महादेव मोरे आपल्याच गावचे. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गॅरेजमधली पोरे, टॅक्सीवाले यांच्यावर आयुष्यभर लिहिले. गिरणीच्या घरघरीत कथा कशी सुचत होती, कागद कुठे ठेवत होते, ज्यांच्यावर लिहिले ती माणसे दळण घेऊन समोर उभी राहत तेव्हा काय वाटे, हे त्यांना विचारता येत होते. २०२४ मध्ये ते गेले. आता जे कुणी विचारून ठेवले असेल तेवढेच उरले. कवयित्री इंदिरा संत बेळगावातच राहून लिहीत राहिल्या आणि २००० साली गेल्या. त्यांच्याकडे ज्यांचे जाणे-येणे होते, ज्यांना त्यांनी शिकवले, त्यांच्यापैकी काही जण आजही या शहरात सापडतील. त्यांना भेटायला पुण्याला जावे लागत नाही.

संग्रहासाठी केवळ लेखकांचा विचार करू नये. वाङ्मयीन जीवन ज्यांच्या हातांनी चालते त्यांत लेखक हा एक असतो. जुन्या छापखान्यांतले जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरे जुळवणारे कामगार, अजून हयात आहेत. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) केसपुढे, म्हणजे खणांच्या पेटीपुढे, उभे राहून एकेक अक्षर स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, जुळवायचे, जुळवलेल्या मजकुराचे (गॅलीचे) तपासणीसाठी प्रूफ काढायचे, दुरुस्त्या आल्या की पुन्हा खिळे बदलायचे, असे काम ज्यांनी केले त्यांनी लेखकांचे हस्ताक्षर इतर कुणाहीपेक्षा जवळून पाहिले आहे. कोणाची प्रत स्वच्छ असे, कोण शेवटच्या प्रुफावरही परिच्छेद बदलत असे, जोडाक्षरांचे खिळे अपुरे पडले की काय करत, मराठी आणि कन्नड अशी दोन्ही कामे एकाच छापखान्यात असली तर केस कशा लावत, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? संगणकावरची अक्षरजुळणी आल्यावर हा व्यवसाय काही वर्षांतच संपला आणि ही माणसे आता वृद्ध झाली आहेत.

त्यानंतर दैनिकांच्या रविवार पुरवण्या पाहिलेले निवृत्त उपसंपादक. सीमाभागातल्या किती तरी लेखकांची पहिली कविता वा पहिली कथा अशा पुरवणीतच छापून आली. त्यांना विचारावे की टपालाने आलेल्या गठ्ठ्यातून निवड कशी करत, कोणत्या अडचणीमुळे चांगली कथा अर्ध्यावर तोडावी लागली, कुणाला त्यांनी पुन्हा लिहायला लावले. संपादकाचे काम वाचकाला दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले गेले. मुंबईत ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ या नियतकालिकांच्या परिवारात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा पुन्हा लिहायला लावल्या, याची आठवण त्या पिढीतले लेखक सतत काढत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले तरी त्या संपादनपद्धतीची चर्चा थांबली नाही, ती लेखकांनी सांगून ठेवल्यामुळे. तसे कोणी सीमाभागात केले असेल तर ते आपल्याला कळण्याचा मार्ग म्हणजे विचारणे हाच आहे.

ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते, दिवाळी अंकासाठी गावोगाव फिरून जाहिराती गोळा करणारे कार्यकर्ते, संमेलनाचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवणारे खजिनदार, यांचीही नोंद घ्यावी. संमेलनाला पहिल्या वर्षी किती वर्गणी जमली आणि पाहुण्यांचा प्रवासखर्च कसा भागवला, ही माहिती उद्या साहित्याच्या इतिहासकाराला अध्यक्षीय भाषणापेक्षा अधिक मोलाची वाटेल, अशी माझी खात्री आहे.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर झाले तरी चालेल, पण त्याची प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये, आणि प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. प्रसिद्धीची परवानगी लेखी घ्यावी. मुलाखत उतरवून काढताना बोली ‘शुद्ध’ करण्याच्या मोहात पडू नये. ‘कोण वाचेल’ याची चिंता संग्रह तयार झाल्यावर करता येईल. माणसे मात्र तोपर्यंत थांबतीलच असे नाही.

प्रश्न : एका ज्येष्ठ लेखकाने मुलाखतीस स्पष्ट नकार दिला. पुन्हा विनंती करावी का? (चिकोडी)

उत्तर : एकदा, पत्राने, आणि त्यानंतर नाही. आपल्या तालुक्यातल्या एकसंबा येथे १९२३ साली जन्मलेले कथाकार जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून आयुष्यभर दूर राहिले. धारवाडला इंग्रजी शिकवत, लिहीत, आणि भेटायला आलेल्यांना टाळत. तरीही १९८७ मध्ये ते गेल्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. त्यांतला पहिला सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. व्यासपीठावर एक शब्द न बोलणारा हा लेखक पत्रांत वाचलेल्या पुस्तकांविषयी, चित्रांविषयी, माणसांविषयी भरभरून बोलतो. तेव्हा आपल्या लेखकाला समोरासमोर बोलणे नको असेल तर त्यांच्या एखाद्या कथेविषयी आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहून पाठवावा. उत्तराची अट घालू नये, आणि उत्तर आलेच तर ते त्यांच्या परवानगीशिवाय छापू नये.

प्रश्न : माझा कवितासंग्रह काढण्यास एक प्रकाशक तयार आहेत. भेटीत त्यांना काय विचारावे? पैशांविषयी बोलणे अशोभनीय वाटते. (खानापूर तालुका)

उत्तर : अशोभनीय मुळीच नाही. खर्च कोण करणार, हे पहिल्या भेटीतच विचारावे. कवितासंग्रहाच्या बाबतीत पुष्कळदा लेखकाकडून रक्कम घेतली जाते. तसे असेल तर किती प्रती छापणार, त्यांतल्या किती आपल्याला मिळणार आणि उरलेल्या कुठे विकल्या जाणार, हे कागदावर घ्यावे. मुद्रितशोधन कोण करणार आणि छपाईपूर्वी शेवटचे प्रूफ आपल्याला दाखवणार का, हेही विचारावे; कवितेत एक ओळ खाली सरकली तरी कविता बदलते.

हक्कांचे हस्तांतरण १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हस्तांतरण झाले असे धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले तर सही करण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे. मजकुराची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाधा आणली गेली तर आक्षेप घेण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही लेखकाकडे राहतो, हे लक्षात ठेवावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कुणी वेगळी रक्कम मागितली तर ती कशाची, हे विचारावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना एका दिवंगत लेखकांनी लिहिलेली बरीच पत्रे आमच्या घरी आहेत. ती आमचीच असल्यामुळे पुस्तकरूपाने छापावीत असे वाटते. (बेळगाव)

उत्तर : कागद आपले आहेत, मजकूर आपला नाही. पत्रातील लेखनाचा स्वामित्व हक्क ते लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. सामान्यतः हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जे लेखन त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाले नव्हते, त्याच्या बाबतीत ती ६० वर्षे प्रथम प्रकाशनानंतर मोजली जातात. म्हणून लेखक जाऊन बराच काळ लोटला असला तरी वारसांची लेखी संमती घ्यावी. पत्रांत हयात व्यक्तींविषयी खासगी उल्लेख असतील तर तो भाग त्या व्यक्तींना दाखवल्याशिवाय छापू नये.

संमती मिळेपर्यंत पत्रांची छायाचित्रे काढून ठेवावीत, लिफाफे फेकू नयेत (टपालाच्या शिक्क्यावरून तारीख आणि गाव ठरवता येते), आणि आपल्या वडिलांच्या ओळखीतले कुणी हयात असतील तर त्यांच्याकडून पत्रांतली नावे आणि प्रसंग कोणते, हे आताच विचारून प्रत्येक पत्रासोबत वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. वडिलांनी पाठवलेली उत्तरे लेखकाच्या घरी असण्याचा संभव आहे; वारसांना संमतीसाठी लिहाल त्याच पत्रात त्यांचीही चौकशी करावी.